मॉक ड्रिलच्या हजेरीत मावशी आणि वॉर्डबॉय कुठे आहेत?

साथरोगाच्या तयारीसाठी रुग्णालयात 'मॉक ड्रिल' झाले, ही बातमी आपण कधी ना कधी वाचलेली असते. २७ डिसेंबर २०२२ रोजी असे ड्रिल देशभरातील रुग्णालयांत झाले. १० आणि ११ एप्रिल २०२३ रोजी पुन्हा झाले. जून २०२५ मध्ये कोरोनाचे रुग्ण थोडे वाढले तेव्हा २ तारखेला ऑक्सिजन यंत्रणेचे आणि ४ व ५ तारखेला रुग्णालय पातळीवरचे ड्रिल झाले. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो. फोटोत साहेब असतात, व्हेंटिलेटर असतो, ऑक्सिजन प्लांटचा काटा असतो. बातमीत खाटा किती, सिलिंडर किती, औषधसाठा किती, याचे आकडे असतात.

हे आकडे लागतातच. २१ एप्रिल २०२१ रोजी नाशिकच्या झाकीर हुसेन रुग्णालयात टाकीतून ऑक्सिजनची गळती झाली, पुरवठा खंडित झाला आणि वीसहून अधिक रुग्ण दगावले. त्यामुळे ऑक्सिजनची तपासणी म्हणजे देखावा, असे आम्ही म्हणणार नाही. पण यंत्र चालते की नाही हे पाहणे ही तपासणी झाली. यंत्राभोवतीच्या माणसांनी संकटात नेमके काय करायचे, कोणी कोणाला निरोप द्यायचा, कोणी कोणत्या दाराने जायचे, हे हातापायांना शिकवणे म्हणजे सराव. आपल्याकडे तपासणीलाच सराव म्हणायची पद्धत पडली आहे.

आम्ही अमरावती आणि अकोला जिल्ह्यांतील वस्त्यांमध्ये काम करतो. या वस्त्यांतून रोज सकाळी शेकडो माणसे रुग्णालयांत कामाला जातात. कोणी वॉर्डात फरशी पुसते, कोणी स्ट्रेचर ढकलतो, कोणी कचऱ्याच्या पिशव्या गोळा करतो, कोणी रात्रपाळीला दाराशी बसतो. त्यातले बरेच जण ठेकेदाराकडचे आहेत. मॉक ड्रिलमध्ये तुमचे काम काय होते, असे आम्ही त्यांना विचारत आलो आहोत. बहुतेकांचे उत्तर एकच असते: साहेब येणार म्हणून फरशी दोनदा पुसायला लावली. या उत्तरामुळेच हा लेख लिहावासा वाटला.

वऱ्हाडाने आधी पाहिले

फेब्रुवारी २०२१ आठवून पाहा. देशात कोरोना संपल्यासारखे वातावरण होते, लग्नसराई जोरात होती. तेव्हा राज्यात रुग्णसंख्या पुन्हा वाढू लागली ती आधी आपल्याकडे. अमरावतीत शनिवार-रविवारची टाळेबंदी झाली आणि लगेच २२ फेब्रुवारीच्या संध्याकाळपासून आठवडाभराचा लॉकडाऊन लागला. अकोल्यातही कडक निर्बंध आले. मुंबई-पुण्याची दुसरी लाट अजून यायची होती. पुढे जगाने ज्याला डेल्टा म्हटले, त्या विषाणूच्या कुळाची नोंदही आधी भारतात झाली आणि महाराष्ट्रातल्या नमुन्यांत ते ठळकपणे दिसले.

म्हणजे साथ मोठ्या शहरात सुरू होते आणि आपल्यापर्यंत येईस्तोवर तयारीला वेळ मिळतो, हा समज वऱ्हाडासाठी चुकीचा ठरला. इर्विनला, सुपर स्पेशालिटीला, अकोल्याच्या सर्वोपचारला जो कर्मचारी त्या दिवशी पाळीवर होता, तोच पहिली फळी होता. त्याला जे येत होते तेवढीच जिल्ह्याची तयारी.

आणि त्याला जे येत होते ते त्याने पहिल्या लाटेत भीत भीत, एकमेकांकडे बघून शिकलेले होते. मे २०२० मध्ये अमरावती विद्यापीठात तपासणीची प्रयोगशाळा सुरू होईपर्यंत इथले नमुने बाहेरच्या जिल्ह्यांत जात होते. नमुना कसा बांधायचा, डब्यावर काय लिहायचे, गाडीत कुठे ठेवायचा, हेही त्या काळात अनेकांनी कामावरच शिकून घेतले. हे शिक्षण महाग होते. पण नंतर जे झाले ते जास्त गंभीर आहे. कोविडसाठी कंत्राटावर घेतलेली कितीतरी माणसे लाट ओसरल्यावर कमी केली गेली. जी माणसे हे सगळे शिकली, ती गेली आणि त्यांचे शिकणेही त्यांच्याबरोबर गेले. रुग्णालयाच्या इमारतीला आठवण नसते, ती माणसांत असते. नव्याने आलेल्या माणसाला पुन्हा पहिल्या इयत्तेत बसावे लागते, तेही वर्ग नसताना.

सिम्युलेशन म्हणजे काय

सिम्युलेशन हा शब्द जड वाटतो, गोष्ट ओळखीची आहे. १४ एप्रिलच्या मिरवणुकीआधी आपल्या वस्तीतले लेझीम पथक महिनाभर मैदानावर घाम गाळते. लेझीमचे नियम कागदावर वाचून कोणी मिरवणुकीत उतरत नाही. चूक मैदानावर झाली तर हसण्यावारी जाते, मिरवणुकीत झाली तर रांग मोडते. रुग्णालयातला सराव म्हणजे हेच मैदान. खोटा रुग्ण, खरी जागा, खरी माणसे, खरी वेळ. रुग्णाचे सोंग एखादा शिकाऊ डॉक्टर किंवा नर्सिंगची विद्यार्थिनी घेते, नाहीतर पुतळा ठेवतात. चुका होऊ द्यायच्या, कारण इथे कोणी मरत नाही.

जागतिक आरोग्य संघटना अशा सरावांचे चार प्रकार सांगते. टेबलाभोवती बसून 'असे झाले तर तुम्ही काय कराल' अशी चर्चा करणे हा पहिला आणि सर्वांत स्वस्त. एकाच कौशल्याची घोटून तालीम, जसे पीपीई किट चढवणे-उतरवणे, हा दुसरा; खरे तर 'ड्रिल' हा शब्द यासाठीच आहे. तिसऱ्यात नियंत्रण कक्ष, निरोप, निर्णय यांची साखळी तपासतात. चौथ्यात सगळे काही प्रत्यक्ष घडवून आणतात: रुग्णवाहिका, पोलीस, प्रयोगशाळा, सगळे. आपल्याकडच्या बातम्यांतले मॉक ड्रिल यांपैकी कशातच नीट बसत नाही. त्यात साठ्याची मोजणी मोठी आणि तालीम छोटी असते.

खरा सराव कसा दिसतो, ते एका उदाहरणाने सांगतो. तीस खाटांचे ग्रामीण रुग्णालय घ्या. सोमवार, ओपीडीची गर्दी. कडेवर चार वर्षांचे पोर घेऊन एक बाई केसपेपरच्या खिडकीवर येते. पोराला ताप आहे, डोळे लाल आहेत, अंगावर पुरळ आहे. हा गोवर असू शकतो. २०२२ च्या शेवटी मुंबईत गोवंडीत आणि भिवंडीत गोवराने मुले दगावली, तेव्हा ही कल्पित गोष्ट नव्हे. गोवर हवेतून पसरतो, आणि रुग्ण खोलीतून निघून गेल्यावरही साधारण दोन तास त्या हवेत राहू शकतो.

आता घड्याळ लावा. खिडकीवरच्या माणसाने पुरळ पाहिले का? की नाव, वय, गाव लिहून रांगेत उभे केले? त्या रांगेत गरोदर बाया आहेत, लस न झालेली तान्ही बाळे आहेत. त्याने ओळखले, तर त्याने कोणाला सांगायचे? फोन आहे का, नंबर भिंतीवर आहे का? आई-मुलाला कोणत्या वाटेने न्यायचे? ती वेगळी खोली कोणती, आणि तिची चावी आत्ता कोणाकडे आहे? (चावी हा हसण्याचा विषय वाटेल. पण साथीच्या वेगळ्या खोलीत जुने गाद्या-पंखे भरलेले असणे आणि चावी सुटीवर गेलेल्या माणसाच्या खिशात असणे, हे सरकारी दवाखान्यात वावरणाऱ्या कोणालाही नवे नाही.) खोलीत कोण जाणार? ज्याला गोवर होऊन गेला आहे किंवा ज्याची लस झाली आहे, असाच माणूस जायला हवा. तशी यादी आहे का? तालुक्याला, जिल्ह्याला कळवणार कोण? मूल गेल्यावर ती खोली कोण पुसणार, कधी, आणि त्या मावशीला कोणी सांगितले की आत काय होते?

हा सगळा सराव अर्ध्या तासात होतो. खर्च जवळजवळ नाही. त्यातून जे सापडते ते कोणत्याही कागदी आराखड्यात सापडत नाही.

सरावानंतरची चर्चा मात्र सरावापेक्षा लांब चालायला हवी. शिकणे तिथेच होते. सगळे गोल बसतात. काय ठरले होते, काय झाले, का झाले, एवढेच बोलायचे. 'कोणी चूक केली' हा प्रश्न बंद. आमचे मत असे की या चर्चेत पहिले बोलणे सर्वांत खालच्या पगाराच्या माणसाने करावे. अधीक्षक आधी बोलले की पुढचे सगळे 'हो सर' म्हणतात, आणि चावी सापडली नव्हती हे सांगायला कोणी उरत नाही. हा शिष्टाचार डॉक्टरांना जड जाईल, पण सगळा अभ्यास याच चर्चेवर अवलंबून आहे.

किट अंगावर चढते, उतरताना घात होतो

कोरोनाकाळात आपण सगळ्यांनी पांढरे किट घातलेली माणसे पाहिली. बाहेरून वाटते की किट चढले की माणूस सुरक्षित. धोका उतरवताना असतो, कारण तेव्हा किटच्या बाहेरच्या बाजूला सगळे चिकटलेले असते आणि माणूस दमलेला, घामाने भिजलेला असतो.

अमेरिकेत क्लीव्हलँड भागातल्या रुग्णालयांत एक प्रयोग झाला. तो २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. कर्मचाऱ्यांच्या हातमोज्यांवर आणि गाऊनवर अंधारात चमकणारे द्रावण लावले आणि नेहमीसारखे उतरवायला सांगितले. मग खास दिव्याखाली पाहिले. ४३५ वेळा मोजले, त्यांपैकी २०० वेळा ते द्रावण कातडीवर किंवा कपड्यांवर सापडले. म्हणजे जवळपास निम्म्या वेळा. ही माणसे अडाणी नव्हती, रोज हेच काम करणारी होती. त्यांना वाटत होते की आपण बरोबर करतो. सराव आणि डोळ्यांनी दिसणारा पुरावा दिल्यावर प्रमाण खूप खाली आले.

तो दिवा आपल्याकडे नसेल तर अडत नाही. हातमोज्यांवर तेलात कालवलेला गुलाल लावा आणि किट उतरवायला सांगा. गुलाल कुठे कुठे लागला ते सगळ्यांना दिसेल: मनगटावर, मानेवर, चष्म्याच्या दांडीवर. वॉर्डातल्या मावशीला दोन तासांचे भाषण देऊन जे समजणार नाही ते या गुलालाने पाच मिनिटांत समजते. डॉक्टरांनाही समजते.

यात जोडीदाराची पद्धत महत्त्वाची आहे. किट उतरवणाऱ्यासमोर एक जण उभा राहतो, हातात पायऱ्यांची यादी असते, तो मोठ्याने एकेक पायरी वाचतो आणि चूक दिसली की थांबवतो. ही पद्धत जगभर पक्की झाली त्यामागे एक घटना आहे. सप्टेंबर २०१४ मध्ये अमेरिकेत डॅलस शहरातल्या मोठ्या रुग्णालयात लायबेरियाहून आलेला एक माणूस ताप घेऊन गेला. आपण आफ्रिकेतून आलो, हे त्याने सांगितले होते. ती माहिती उपचार करणाऱ्यांच्या विचारात आलीच नाही. औषध देऊन घरी पाठवले. दोन-तीन दिवसांनी रुग्णवाहिकेतून परत आला तेव्हा तो इबोला निघाला. तो माणूस वाचला नाही, आणि त्याची सेवा करणाऱ्या दोन नर्सना लागण झाली. त्या दोघी वाचल्या. त्यानंतर तिथल्या रोगनियंत्रण केंद्राने नियम बदलले: वारंवार प्रत्यक्ष सराव करायचा, आणि किट चढवताना-उतरवताना प्रशिक्षित निरीक्षक हजर हवाच. पैसा, यंत्रे, इमारत, सगळे होते. निरोप एका माणसाकडून दुसऱ्याकडे पोहोचला नव्हता.

आपल्या देशातले उदाहरण केरळचे आहे. मे २०१८ मध्ये कोझिकोड भागात निपाह आला तेव्हा रोग ओळखला जाण्याआधीच तो रुग्णालयात पसरला. लागण झालेल्यांत मोठा वाटा अशांचा होता जे रुग्णालयात आजूबाजूला होते: इतर रुग्ण, त्यांचे नातेवाईक, सेवा करणारे. पेरांब्रा तालुका रुग्णालयातील परिचारिका लिनी पुतुस्सेरी यांचा त्यात मृत्यू झाला. पहिला रुग्ण 'निपाहचा' अशी पाटी लावून येत नाही. तो ताप-खोकल्याचा रुग्ण म्हणूनच येतो, आणि म्हणून सरावाचा खरा भाग निदान होण्याआधीच्या तासांचा असतो. त्या तासांत त्याच्याजवळ सर्वांत जास्त वेळ कोण असते?

हजेरीपटावर कोण नाही

वॉर्डात चोवीस तासांत रुग्णाच्या जवळ कोण कोण येते, ते मोजून पाहा. डॉक्टर राऊंडला येतात. सिस्टर सलाईन, इंजेक्शन, नोंदींसाठी येते. वॉर्डबॉय एक्स-रेला नेतो, खाटेवरून उचलतो. मावशी बेडपॅन देते, उलटी पुसते, चादर बदलते, कचरा बांधते. वरच्या दोघांना प्रशिक्षणाची पत्रे येतात, प्रमाणपत्रे मिळतात. खालच्या दोघांना बहुतेक वेळा कोणी बोलावत नाही. कारण काय, तर ते 'टेक्निकल' नाहीत आणि ठेकेदाराकडचे आहेत.

समाजशास्त्राच्या वर्गात आम्ही श्रमविभागणी शिकलो. बाबासाहेबांनी जातिव्यवस्थेचे वर्णन करताना सांगितले की ही केवळ श्रमाची नाही, श्रमिकांची विभागणी आहे. रुग्णालयाच्या हजेरीपटात ती आजही वाचता येते. रक्त, मलमूत्र, उलटी, मृतदेह यांना हात लावण्याचे काम कोणाच्या वाट्याला आले आहे ते आडनावांवरून कळते, आणि त्याच माणसांची नावे प्रशिक्षणाच्या यादीत नसतात. जोखीम ज्याच्याकडे जास्त त्याला माहिती कमी. विषाणूला मात्र ही उतरंड कळत नाही. मावशीच्या हाताला लागलेले तो डॉक्टरांच्या टेबलावर आणतो आणि संध्याकाळी वस्तीतल्या दोन खोल्यांच्या घरातही आणतो. म्हणून त्यांना वगळून केलेला सराव हा अन्याय तर आहेच, शिवाय तांत्रिकदृष्ट्या चुकीचाही आहे. दुसरा मुद्दा अधिकाऱ्यांसमोर मांडताना जास्त उपयोगी पडतो, असा आमचा अनुभव आहे.

मावशींच्या सरावात काय असावे? उलटी किंवा रक्त सांडले तर झाडू किंवा ओला पोछा थेट फिरवायचा नाही. आधी हातमोजे-मास्क, मग शोषून घेणारा कागद किंवा कापड टाकून झाकायचे, त्यावर हायपोक्लोराइटचे द्रावण ओतायचे, थांबायचे, मग उचलायचे आणि पिवळ्या पिशवीत टाकायचे. किती पाण्यात किती औषध, हे मगाने मोजून दाखवायचे, टक्केवारीत सांगायचे नाही. सुई टोचली तर त्याच क्षणी काय करायचे आणि कोणाकडे जायचे, हे प्रत्यक्ष चालत जाऊन दाखवायचे. वॉर्डबॉयसाठी: संशयित रुग्णाला एक्स-रेला नेताना आधी तिथे कळवायचे, कोणती लिफ्ट वापरायची, परत आल्यावर स्ट्रेचर कोणी पुसायचे. हे सगळे मराठीत, वऱ्हाडी बोलीत, चित्रांसह आणि कामाच्या वेळेत. सुटीच्या दिवशी बोलावले तर त्या दिवसाची मजुरी द्यावी लागेल.

बुद्धांनी आजारी भिक्खूला स्वतःच्या हातांनी आंघोळ घातल्याची कथा आपल्याला लहानपणापासून माहीत आहे. सावित्रीमाई १८९७ च्या प्लेगमध्ये रुग्णसेवा करताना गेल्या, हेही माहीत आहे. या गोष्टी आपण जयंतीला सांगतो तेव्हा त्यागावर थांबतो. आज रुग्णसेवा करणाऱ्याकडून त्यागाची अपेक्षा ठेवायचे कारण नाही. त्याला किट, लस, पगार आणि सराव द्यायला हवा.

अकोल्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २००२ पासून आहे. अमरावतीत डॉ. पंजाबराव देशमुखांच्या नावाचे वैद्यकीय महाविद्यालय जुनेच, आणि शासकीय महाविद्यालयाचे उद्घाटन ऑक्टोबर २०२४ मध्ये झाले. नव्या नियमांनुसार वैद्यकीय महाविद्यालयात 'स्किल लॅब' असावी लागते, जिथे विद्यार्थी पुतळ्यांवर सराव करतात. ही सोय महिन्यातून एक दिवस आजूबाजूच्या ग्रामीण रुग्णालयांच्या सिस्टर, वॉर्डबॉय आणि सफाई कामगारांसाठी उघडता येईल. यासाठी नवी इमारत लागत नाही, आदेश लागतो.

साथ म्हणजे फक्त कोरोना नव्हे

जुलै २०२२ मध्ये चिखलदरा तालुक्यातल्या पाचडोंगरी आणि कोयलारी गावांत काय झाले ते विसरून चालणार नाही. नळाचे पाणी बंद होते, लोकांनी उघड्या विहिरीचे दूषित पाणी प्याले आणि कॉलरा पसरला. माणसे दगावली. तिथे व्हेंटिलेटर मोजून काहीच उपयोग नव्हता. गरज होती ती पहिल्या दिवशी जुलाबाचे पाच रुग्ण एकाच गावचे आहेत हे ओळखणाऱ्या आशाताईची, तिचा निरोप लगेच वर नेणाऱ्या उपकेंद्राची, सलाईन आणि ओआरएस वेळेत पोहोचवणाऱ्या गाडीची, आणि विहीर त्याच दिवशी बंद करण्याचा अधिकार असलेल्या माणसाची.

याचा सराव टेबलाभोवती होतो. आशा, सिस्टर, ग्रामसेवक, सरपंच, पाणीपुरवठ्याचा माणूस, वैद्यकीय अधिकारी यांना पावसाळ्याआधी दोन तास बसवायचे आणि विचारायचे: आज रात्री तुमच्या गावात दहा जणांना जुलाब लागले, रस्ता पुराने बंद आहे, मोबाईलला रेंज नाही. बोला. पहिल्या वीस मिनिटांत कळते की सगळे एकमेकांकडे बोट दाखवतात. तेच तर पावसाळ्याआधी कळायला हवे. मेळघाटात असो वा अकोल्याच्या खारपाणपट्ट्यात, पाण्याचा प्रश्न जिथे आहे तिथे हा सराव मे महिन्यात झाला पाहिजे.

तरुणांनी काय विचारायचे

आता हातात काय आहे ते पाहू, कारण निवेदने देऊन फोटो काढण्याची सवय आपल्यालाही आहे.

पहिले हत्यार म्हणजे जैववैद्यकीय कचऱ्याचे २०१६ चे नियम. साथीच्या सरावाचा वेगळा कायदा शोधत बसण्यापेक्षा हे नियम वाचा. त्यांत रुग्णालयाची जबाबदारी स्पष्ट आहे: कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला, म्हणजे आरोग्य कर्मचारी 'आणि इतर' यांना, कामावर घेताना आणि त्यानंतर वर्षातून किमान एकदा प्रशिक्षण द्यायचे. त्यांना हिपॅटायटीस बी आणि धनुर्वाताची लस द्यायची. कामावर घेताना आणि वर्षातून किमान एकदा त्यांची आरोग्य तपासणी करायची. पुरेशी संरक्षक साधने द्यायची. माणूस ठेकेदाराचा आहे म्हणून रुग्णालय यातून सुटत नाही. आपल्या वस्तीतल्या किती मावशींना हिपॅटायटीस बीचे तीनही डोस मिळाले, हे एका रविवारी विहारात बसून मोजता येईल. तसा तक्ता तयार झाला की बोलणे सोपे होते.

दुसरे म्हणजे रुग्ण कल्याण समिती. ती जिल्हा रुग्णालयापासून प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत असते, तिच्याकडे थोडा निधी असतो आणि तिच्यात बाहेरचे सदस्यही असतात. आपल्या भागातल्या समितीचे सदस्य कोण, बैठक कधी झाली, हे विचारा. मागणी छोटी ठेवा: तीन महिन्यांतून एक सराव, सगळ्या पाळ्यांत आळीपाळीने, रात्रपाळीतही, हजेरीपटावर सफाई कामगार, वॉर्डबॉय, रक्षक, केसपेपरवाला आणि रुग्णवाहिकेचा चालक, आणि सरावात सापडलेल्या त्रुटींचा एक कागद, ज्यावर दुरुस्तीची तारीख आणि जबाबदार माणसाचे नाव असेल. पुढच्या बैठकीत तोच कागद समोर ठेवा. रुग्णाचे सोंग घ्यायला माणसे हवी असतील तर आपल्या मंडळातले तरुण जाऊ शकतात. रुग्णालयाशी भांडणापेक्षा या कामाने ओळख लवकर होते, आणि आत काय चालते तेही दिसते.

तिसरे, कागद. त्याच २०१६ च्या नियमांनुसार प्रत्येक रुग्णालयाला दरवर्षी ३० जूनपर्यंत प्रदूषण नियंत्रण मंडळाला वार्षिक अहवाल द्यावा लागतो. त्या अहवालाचा ठरलेला नमुना आहे, नमुना क्रमांक ४. त्यात किती प्रशिक्षणे झाली, किती जणांना दिली, कामावर घेताना किती जणांना दिली आणि आजवर एकही प्रशिक्षण न मिळालेले किती जण आहेत, असे रकाने आहेत. माहिती अधिकारात दहा रुपयांचा अर्ज करून मागच्या तीन वर्षांचा नमुना ४ मागा. सोबत त्या प्रशिक्षणांच्या हजेरीपटाची प्रत मागा, आणि सफाईच्या ठेक्यावर त्या वर्षी किती कामगार होते तो आकडाही. उत्तर तीस दिवसांत यायला हवे. 'एकही प्रशिक्षण न मिळालेले' या रकान्यात शून्य लिहिलेले असेल तर हजेरीपट घेऊन वस्तीत जा आणि त्यातले प्रत्येक नाव मावशींना वाचून दाखवा.